न काढलेलं गाव

"अजून कितीदा मरायचं गं?" काचेपलीकडच्या खोलीतून श्रीपतकाकांनी विचारलं आणि पंच्याने मान पुसली.

मी बटण दाबून म्हटलं, "थोडंच राहिलंय, काका. दम लागून झालं, घसरून झालं. आता दरीत पडतानाचं तेवढं."

"पडतो की. पडायला काय लागतंय?"

आणि ते पडले. जागचे हलले नाहीत, नुसता आवाज पडला. आधी 'आई गं' म्हणत, मग काहीच न म्हणता, मग कुणाचं तरी नाव अर्धवट घेत. शेवटच्या वेळी माझ्या शेजारी बसलेल्या ऋत्विजने कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले. श्रीपतकाकांना मरताना मी कितीदा पाहिलं होतं, तरी मीही काचेवरून नजर काढली.

श्रीपतराव इंगवले म्हणजे मराठी सिनेमातले ठरलेले बाप. मध्यंतराच्या आत मरणारे. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव कुणालाच ठाऊक नाही, अशा जातीचे नट. राहायला कोल्हापूरला, आणि वय तेव्हा सत्तरीला टेकलेलं. माझ्याच पटकथांमध्ये मी त्यांना तीन-चारदा मारलं होतं. कधी छातीत कळ येऊन, कधी ट्रॅक्टरखाली, एकदा तर मुलाचा निकाल ऐकून नुसत्या आनंदाने. पुण्यात बाणेरला गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी लेखिका म्हणून लागले आणि गेममधल्या म्हाताऱ्यासाठी आवाज हवा झाला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं नाव त्यांचंच निघालं. ऋत्विज हा त्या कंपनीचा कर्ताधर्ता, हुशार आणि अखंड उत्साही मुलगा. मराठी सिनेमा त्याने शाळेची सहल गेली तेव्हा शेवटचा पाहिला होता.

काम संपलं तरी काका बाहेर येईनात. खुर्चीत तसेच बसून राहिले.

"हसायचं राहिलं की," ते म्हणाले.

ऋत्विजने माझ्याकडे पाहिलं. त्याला समजावून सांगावं लागलं. आमच्यात जो कॅमेऱ्यासमोर मरतो त्याने शॉट संपल्यावर, दिवे बंद व्हायच्या आत, कॅमेऱ्यात बघून हसायचं असतं. म्हणजे वरच्याला कळतं की हे खोटं होतं, थट्टा होती, याला न्यायची गरज नाही. फोटोला हार घातलेला असला तरी हसून घेतात. तो माणूस हसेपर्यंत युनिटमधलं कुणी जेवायला उठत नाही. ही रीत कुणी सुरू केली ठाऊक नाही, पण मोडताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

"मस्त," ऋत्विज म्हणाला. "घ्या ना सर, रेकॉर्ड करू."

काका हसायच्या ऐवजी विचारात पडले. "पर उल्काबाई, एक सांग. शिनेमात मी एकदाच मरतो. ह्या तुमच्या गेममधी कितीदा?"

"खेळणारा जितक्यांदा चुकेल तितक्यांदा."

"आणि खेळणारे किती?"

"लाखभर तरी होतील, सर," ऋत्विज आनंदाने म्हणाला.

काकांनी पंचा खांद्यावर टाकला. मग मला म्हणाले, "मग मी हसायचं कितीदा?"

सवयीने मीच काहीतरी बोलले. म्हटलं, सगळ्यांचं मिळून एकदाच. असा नियम कुठेच नव्हता, मी तो तिथल्या तिथे बनवला. पण काकांना तो पटला असावा, कारण ते पोट धरून, खळखळून हसले. ती फाइल आम्ही बाजूला ठेवली. गेममध्ये तिचं काही काम नव्हतं.

सिनेमा सोडून मी या धंद्यात का आले, असं तेव्हा मला जो भेटेल तो विचारायचा. खरं कारण असं की मी लिहून लिहून विटले होते. रोजच्या मालिकेत सुनेला पायऱ्यांवरून पाडा म्हणायचे, पाडलं की दुसऱ्या दिवशी उचला म्हणायचे. माझ्या चांगल्या म्हणाव्या अशा दोन पटकथा निर्मात्यांच्या कपाटात पडून होत्या. अशात ऋत्विज भेटला. त्याला आंधळा म्हातारा आणि त्याला घाटातल्या जंगलातून त्याच्या गावी पोचवणारी एक मुलगी, एवढंच सुचलेलं होतं. मी आठवड्यात पटकथा लिहून नेली. मुलगी उजवीकडे वळते, असं पहिल्याच पानावर लिहिलं होतं. ऋत्विजने विचारलं, "आणि नाही वळली तर?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. सिनेमात लेखकाने वळ म्हटलं की नट वळतो. इथे मुलगी म्हणजे खेळणारा, आणि तो त्याच्या मर्जीचा मालक. तो उलटा फिरेल, झाडाला धडकत बसेल, नुसता उभा राहील. या सगळ्यासाठी लिहून ठेवायचं. पहिले काही महिने मी मेटाकुटीला आले, मग मला त्यात मजा यायला लागली. गेमचं नाव आम्ही 'पैलगाव' ठेवलं. मुलीला आवाज द्यायचा नाही असं ठरलं, कारण ती मुलगी म्हणजे आपणच असं खेळणाऱ्याला वाटायला हवं होतं. बोलायचं ते फक्त म्हाताऱ्याने.

आणि खरी गोम होती हाताची. ती कल्पना ऋत्विजची. मुलीने म्हाताऱ्याचा हात धरून चालायचं, म्हणजे खेळणाऱ्याने एक बटण सतत दाबून धरायचं. बटण सुटलं की हात सुटला. हात सुटला की म्हातारा दोन पावलं एकटा जातो आणि मरतो. मग मागच्या वळणापासून पुन्हा सुरुवात.

गेम अर्धामुर्धा उभा राहिल्यावर तपासणी सुरू झाली. कॉलेजातली काही मुलं दुपारी जेवण करून यायची आणि मागच्या हॉलमध्ये संध्याकाळपर्यंत खेळून चुका शोधायची. त्यांना हात धरवत नसे. कुणाचा चहा आला की बटण सुटे, कुणाचा मोबाइल वाजला की सुटे. माझ्या पटकथेतले बाप निदान कथेच्या गरजेपोटी मरायचे. इथे ते कुणाच्या तरी नाकाला खाज सुटली म्हणून मरत होते. दार उघडं असलं की माझ्या टेबलापर्यंत काकांचं ओरडणं ऐकू यायचं, आणि पाठोपाठ मुलांचं हसणं.

तपासणीच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "एक गंमत व्हाय लागलीया बघ. दुपारचं जेवून पडलो की झोक जातोय. क्षणभर. पुन्हा ठीक."

मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. दाखवलं होतं. रक्त, साखर, मेंदूचा फोटो, सगळं काढून झालं होतं आणि सगळं ठणठणीत होतं. रविवारी काही होत नाही, असंही ते म्हणाले. रविवारी गेमच्या तपासणीला सुट्टी असायची. हे माझ्या लगेच ध्यानात आलं आणि मी ते लगेच झटकलं. माणसाचं वय झालं की झोक जातो, त्याला रविवार आणि सोमवार काय करणार?

"कसा झोक?" मी विचारलं.

"कसा सांगू? कुणाचा तरी हात धरून चाललोय, आणि त्यो मधीच सोडून देतोय. पायाखाली जमीनच न्हाई मग."

काकांना हाताचं काही माहीत नव्हतं. आवाज देणाऱ्याला आम्ही फक्त वाक्यं देतो. कुठे, कुणापाशी, कशामुळे, हे कागदावर नसतं. ते दरीत पडले तेव्हा का पडले हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

ते पुढे म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. एक हसणं पुरलं न्हाई बघ."

मी म्हटलं, मग ते हसणं मी गेममध्ये घालते, प्रत्येक वेळेला वाजेल. हे मात्र त्यांना मुळीच रुचलं नाही. ते हसणं आपल्या आपल्यात असतं, म्हणाले. बघणाऱ्याला ते ऐकवलंस तर मेलो ते खोटं पडंल. आणि जन्मभर मध्यंतराच्या आत मेलेल्या नटाला आता कुठे लोक मन लावून ऐकणार होते. तेवढं माझं बिघडवू नकोस, असं त्यांनी मला निक्षून सांगितलं.

तरीही मी विश्वास ठेवला नव्हता. त्यानंतरच्या एका सकाळी, मुलं यायच्या कितीतरी आधी, मी एकटीच गेम घेऊन बसले होते. म्हाताऱ्याचा हात धरून त्याला कड्यावरच्या अरुंद वाटेने नेत होते. हेडफोन टेबलावर काढून ठेवले होते. तेवढ्यात फोन वाजला. काकांचं नाव दिसलं म्हणून तो खांद्यात अडकवला आणि बोलता बोलता खेळत राहिले. भुईमुगाच्या शेंगा पाठवतोय, काकीने वेचून ठेवल्यात, असं काहीतरी ते सांगत होते. फोन खांद्यावरून घसरला. तो सावरायला मी बटणावरचं बोट काढलं.

"शेंगा उकडून खा, भाजून—"

आणि ते ओरडले. तो आवाज टेबलावरच्या हेडफोनमधून आला की फोनमधून, हे मला आजही सांगता येणार नाही. पडद्यावर म्हातारा वाटेवरून नाहीसा झाला होता. फोनवर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला आणि मग लांबून त्यांच्या बायकोचा, हौसाकाकींचा, "अहो, अहो" असा. पडद्यावर मागचं वळण परत आलं. म्हातारा हात पुढे करून उभा राहिला, आणि फोनवर काका म्हणाले, "भाजून न्हाई, कडू लागत्यात." आपण पडलो होतो हे त्यांना कळलंच नव्हतं.

मी गेम बंद केला आणि यंत्राची वायरसुद्धा काढली. मला भयंकर भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त घाई. जेवणानंतर मुलं येणार होती.

ऋत्विजला खरं सांगितलं असतं तर त्याने मला प्रेमाने रजेवर पाठवलं असतं. म्हणून मी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलले. म्हटलं, म्हातारा मरायलाच नको. हात सुटला की त्याने थांबायचं. सोडलं तिथे उभं राहायचं आणि हाका मारत राहायचं.

"मग भीती कसली?" त्याने विचारलं. "मेला नाही तर खेळणाऱ्याचं जातंय काय?"

"तो तिथेच उभा आहे, हीच भीती. तू पुढे निघून गेलास तरी तो तिथेच उभा असणार. गेम बंद केलास तरी."

ऋत्विजने खुर्ची मागे सारली. मग उठून त्याने मुलं यायच्या आत तपासणी थांबवली. त्याच्या मते इतकी भारी कल्पना कंपनीत आजवर कुणाला सुचली नव्हती. मी पटकथा लिहिणारी बाई राहिले नाही, आता खरी गेमवाली झाले, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. मला त्याचा अभिमान वाटला, हेही सांगितलं पाहिजे.

मरणाच्या सगळ्या फाइली मी माझ्या देखत पुसून घेतल्या. नवी वाक्यं लिहिली आणि काकांना पुन्हा पुण्याला बोलावलं. ते आले तेव्हा गालांवर तकाकी होती. झोक थांबला होता. डॉक्टरांच्या गोळ्यांना गुण आला, असं काकींचं मत होतं, आणि मी ते खोडून काढायला गेले नाही.

काका काचेपलीकडे बसून वाक्यं वाचत गेले. "पोरी, आहेस न्हवं?" "मी हितंच हाय. हललो न्हाई." गेममध्ये पाऊस लागला तर "भिजलीस का गं?" वारं सुटलं तर "ऐकू येत नसंल माझं." कागद संपल्यावर त्यांनी तो उलटून पाहिला.

"आणि पुढं?"

"पुढे नाही. तो थांबतो."

"कुठवर?"

"खेळणारा परत येईपर्यंत."

"आणि न्हाईच आला तर?"

हा ऋत्विजचा प्रश्न होता, आणि आता तो मला पाठ व्हायला हवा होता. पण मी म्हटलं, "मग परत पहिल्यापासून हेच." काका बरं म्हणाले. या वेळी हसायची गरज नव्हती, कुणीच मेलं नव्हतं. जाताना त्यांनी शेंगांची पिशवी ऋत्विजच्या टेबलावर ठेवली.

गेम पूर्ण करायला पैसा आणि वेळ दोन्ही कमी पडले, तेव्हा शेवटचा भाग कापला. म्हाताऱ्याचं गाव चित्रकारांपैकी कुणी काढलंच नाही. तिथवर त्याला घेऊन जाणारे थोडेच निघणार, असं ऋत्विज म्हणाला. शेवटच्या वळणावर पडदा काळा होतो आणि नावं येतात, असं ठरलं.

'पैलगाव' चालला. आम्हाला वाटलं त्याहून पुष्कळ चालला. अनोळखी माणसं मला कळवायची की आपण म्हाताऱ्याला जंगलात सोडून पुढे गेलो आणि आता झोप लागत नाही. एकाने लिहिलं की तो कामावर जाताना यंत्र बंद करत नाही, म्हाताऱ्याला अंधारात ठेवावंसं वाटत नाही. मला ही पत्रं आवडायची. मग मला आणखी कामं मिळाली, मोठ्या कंपन्यांची. ऋत्विज कॅनडाला गेला. बाणेरची कंपनी बंद पडली आणि गेम कुणाकडून कुणाकडे विकला गेला, त्याचा मागही राहिला नाही.

पुष्कळ वर्षांनी हौसाकाकींचा फोन आला. काका बरेच महिने अंथरुणाला खिळून आहेत हे मला ठाऊक होतं. पण काकी म्हणाल्या, "येऊन जा गं. तुझंच कायतरी बोलत्यात."

मी सकाळीच कोल्हापूरला पोचले. ऊन चढलं होतं. काका खिडकीपाशी खाटेवर होते. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं, डोळ्यांवर मोतीबिंदूचं पांढरं आलं होतं. उजवा हात तेवढा पांघरुणाबाहेर, खाटेच्या कडेवरून पुढे केलेला, पंजा उघडा.

"पोरी, आहेस न्हवं?" ते म्हणाले. आवाज मात्र तसाच होता.

मी जागीच थबकले. तेवढ्यात पुढचं आलं. "मी हितंच हाय. हललो न्हाई." दोन वाक्यांच्या मधे ते थांबले तेवढंच गेममधला म्हातारा थांबतो. ती शांतता मीच मोजून घातली होती.

काकी म्हणाल्या, गेल्या उन्हाळ्यापासून हेच चाललंय. डॉक्टर दर वेळी सांगतात की आता चार दिवस, मुलगा नागपूरहून धावत येतो आणि परत जातो. तोंडात गंगाजल घालून झालं. पोटात अन्न नाही, कुणाची ओळख नाही, पण जात नाहीत. "जुन्या शिनेमातलं म्हणत्यात असं मला वाटलं. पर कुठल्याच शिनेमात ह्ये न्हवतं. माझं समदं बघून झालंय."

"भिजलीस का गं?" काका म्हणाले.

बाहेर रखरखीत ऊन होतं. कुठे तरी कुणाच्या तरी पडद्यावर पाऊस लागला होता.

मी ओसरीत जाऊन ऋत्विजला फोन लावला. तिकडे किती वाजले असतील याचा विचारही केला नाही. गेममध्ये म्हाताऱ्याला शेवट द्यायचा आहे, कसंही कर, असं मी म्हटलं. त्याने माझं ऐकून घेतलं, का म्हणून विचारलं नाही. लोकांच्या घरोघरी प्रती पडल्यात, त्याला आता हात लावता येत नाही, म्हणाला. मग म्हणाला, "तो अजून उभा असेल ना गं?" मी फोन ठेवून दिला.

आत काकी खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या. त्यांनी मला सरळ विचारलं, "हे तू लिवलंयस न्हवं?"

"हो, काकी."

"मग म्होरचं लिव की."

"पुढचं नाहीये. त्यांचं गाव कुणी काढलंच नाही."

"गाव काय काढायचं असतंय?" काकी म्हणाल्या. "गाव असतंय."

मी खाटेजवळ स्टूल ओढलं आणि तो पुढे केलेला हात धरला. तो इतका थंड होता की सोडून द्यावासा वाटला. काकांनी विचारलं, "पोरी, आहेस न्हवं?" इतक्या वर्षांत, इतक्या घरांत त्यांनी हे विचारलं होतं आणि त्यांना कुणी उत्तर दिलं नव्हतं. मुलीला आम्ही आवाजच ठेवला नव्हता.

"आहे," मी म्हटलं. "आलेय मी, आजोबा."

पुढचं वाक्य आलं नाही. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "उशीर केलास." हे मी कधीच लिहिलेलं नव्हतं.

"चला. पोचलोच आपण. गाव आलं."

"काय हाय गावात?"

मी बोलायला लागले. वेशीवर मारुतीचं देऊळ आहे, पार आहे, पाणवठ्यावर बायका आहेत. त्यांची बोटं माझ्या हातावर आवळली.

"ह्ये शिनेमातलं हाय," ते म्हणाले.

खरं होतं, हे गाव मी दहा पटकथांत वापरलेलं होतं. मी काकींकडे पाहिलं. त्या उठून खाटेच्या दुसऱ्या बाजूला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्यांच्या गावाकडं जाताना पयलं गुऱ्हाळ लागायचं. चुलत्याचं."

गुऱ्हाळ मी एकदाच पाहिलं होतं, शूटिंगसाठी जागा शोधताना. पण आंधळ्या माणसाला पाहिलेलं सांगून काय उपयोग? डोळे मिटले आणि तिथे माझ्या अंगाला काय काय जाणवलं होतं ते आठवत राहिले.

"डाव्या गालाला धग लागतेय का?"

त्यांनी डावा गाल उशीवरून उचलला. मग, "लागतीया."

"चुलवाणात चिपाडं घालतायत. पायाखाली बघा, मऊ लागतंय. चोथा पसरलाय सगळा."

"व्हय." त्यांनी खोल श्वास घेतला. "रस कच्चा हाय अजून. पाकाला येळ लागंल."

"रसाच्या काहिलीभोवती माणसं उभी आहेत. तुम्हाला बघितलंय त्यांनी."

"कोण हाय?"

नावं मला कुठून ठाऊक असणार? मी पुन्हा काकींकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलेलं मी कधीच ऐकलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा लाजत असतील. त्यांनी पदर खाली केला, खाटेवर वाकल्या आणि चुलत्याने मारावी तशी हाक मारली.

"शिरप्या, ये की. रस पाकाला आलाय."

काकांचा चेहरा आवाजाकडे वळला. त्यांनी मान थोडी वर उचलली, आणि मग मला म्हणाले, "सोड हात आता. हितनं मला ठावं हाय."

माझ्याच्याने सोडवेना. मी काकींकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच हो म्हटलं.

मी हात सोडला आणि वाट बघत बसले. त्यांचा श्वास हळूहळू थांबला. ते ओरडले नाहीत.